काळ्या ग्लासातला पुंडलिक

पुंडलिक बोराडे तिसऱ्या ग्लासात होता, आणि पॅनलवरच्या सात जणांपैकी एकट्या कुमुदलाच त्याचा वास आला नाही. कुमुद ही त्याची बायको. पुंडलिक त्या वेळी ग्लासात होता तसाच दिंडोरी रस्त्यावरच्या आपल्या इस्त्रीच्या टपरीतही होता, आणि कुणा मास्तरांच्या लेंग्याला घडी घालत होता. दोन्हीकडे असण्यात त्याची काही गैरसोय नव्हती. अजून तरी नव्हती.

वाईनरी द्राक्षांच्या उतारावर होती आणि वास घेण्याची खोली तिच्या वरच्या मजल्यावर. खोलीत सात कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक फळी, लाल दिवा आणि समोर ग्लास आत सरकवण्यापुरती खिडकी. ग्लास काळा, म्हणजे आतली वाईन लाल की पांढरी ते डोळ्यांनी नाकाच्या कानात सांगू नये. ग्लासावर काचेची चकती, म्हणजे वास उडू नये. चकती सरकवायची, नाक आत घालायचं, हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या डब्यात थुंकायचा. गिळायचं नाही. गिळणारे वाईन पितात आणि थुंकणारे ओळखतात, असं पॅनलच्या प्रमुख डॉक्टर पारसनीस बाई म्हणायच्या. बाई रसायनशास्त्रातल्या मोठ्या होत्या. त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एकामागून एक ग्लास हुंगले की नाक थकतं. तेव्हा या लोकांची एक रीत असते. आपल्याच कोपराच्या आतल्या खळगीत नाक खुपसायचं आणि लांब श्वास घ्यायचा. आपला वास आपल्याला कधी येत नाही, त्यामुळे नाकाचा काटा तिथे शून्यावर येतो. वाण्याच्या तराजूसारखंच हे. आधी रिकामी पारडी नीट करायची, मग माल. कुमुदची डावी खळगी पॅनलमध्ये नावाजलेली होती. तिथून नाक उचललं की ती हजार बाटल्यांतून बुरशी लागलेल्या बुचाची एक बाटली बोट ठेवून दाखवायची.

आता लग्न झाल्यापासून त्याच डाव्या हातावर डोकं ठेवून पुंडलिक झोपत आला होता. हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. ही काय ऑफिसात सांगायची गोष्ट झाली?

तर, टाकीतून आलेली नवी वाईन म्हणजे नुसतं आंबट पाणी असतं. वास तिच्यात असतो, पण साखरेला बांधलेला असतो. पारसनीस बाई फळ्यावर साखरेचा षटकोन काढायच्या आणि त्याच्या शेपटीला वासाचा रेणू टांगायच्या. बांधलेला आहे तोवर तो गप्प. माणसाची लाळ लागली की गाठ सुटते आणि तो बोलायला लागतो. एवढं कुठल्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात सापडत नाही ते असं, की तो वास वाईन कुठून तरी उसना आणते, आणि पॅनलने त्याला नाव देऊन सातही जणांनी ओळीने ‘आहे’ म्हटलं, की तो कायमचा वाईनचा होतो. मूळ मालकाकडे उरत नाही.

गेल्या हिवाळ्यात ‘पिकलेला पेरू’ यावर एकमत झालं आणि त्या घटकेपासून तालुक्यातल्या पेरूंचा वास गेला. झाडाला पेरू लागत होते, बिया दातांत अडकत होत्या, वास तेवढा बाटलीत होता. स्टँडवरची पेरूवाली तिखटमीठ जास्त लावायला लागली आणि लोकांना सवय झाली. मग मोगरा गेला. गजरेवाल्या बाया फाटकाशी येऊन बसल्या, त्यांना कंपनीने चहा दिला. चहाचा वास तेव्हा शाबूत होता.

जिवंत जनावराची पाळी एकदाच आली. एका लाल वाईनमध्ये घामेजलेला घोडा आला. एक यीस्ट असतं, ते असला वास सोडतं. सात जणांनी ‘आहे’ म्हटलं. तालुक्यात वरातीचा पांढरा घोडा एकच होता. आधी त्याच्यावर माशा बसेनाशा झाल्या. मग कुत्री भुंकेनाशी झाली. मग त्याचं वजन गेलं आणि मग जाडी. एका वरातीत बँडवाल्याने जोरात फुंकलं तेव्हा तो नवरदेवाखालून फडफडत निघून गेला आणि विजेच्या तारेवर जाऊन बसला. मालकाने त्याला काठीने उतरवलं, घडी घातली आणि कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं. वाईनला परदेशात पदक मिळालं.

माणसाची पाळी मात्र आजवर आली नव्हती.

त्या दिवशी तिसऱ्या ग्लासावरची चकती सरकवल्याबरोबर सहा कप्पे शांत झाले. असं सहसा होत नाही. जगताप नावाचा एक गडी होता, तो हुंगतानाही काहीतरी बोलत असायचा. तोही गप्प झाला. बाहेर गोल टेबलाशी सगळे जमले तेव्हा पहिल्यांदा बोलले मणियार चाचा. त्यांनी भद्रकालीच्या बाजारात जन्मभर अत्तरं विकली होती आणि कानात अजून फाया असायचा, फक्त पॅनलला येताना कोरडा.

“गरम आहे,” चाचा म्हणाले. “ओलं आहे. पण स्वयंपाकघरातलं नाही.”

जगताप म्हणाला की त्याला लग्नाला निघाल्यासारखं वाटतंय, आणि लग्न दुसऱ्याचं आहे म्हणून मजा येतेय. बाकीचेही बोलायला लागले. कुणाला घर आठवलं, कुणाला नवा कपडा, कुणाला शाळेतला झेंडावंदनाचा दिवस. कुमुद ऐकत होती. तिच्या ग्लासात आंबट पाणी होतं. तिने खळगीत नाक घातलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा हुंगलं. पाणी. पुन्हा खळगी, पुन्हा ग्लास. पाणीच.

नाक गेलेल्या माणसाला या कंपनीत काढून टाकत नसत. त्याला खालच्या मजल्यावर काळे ग्लास धुवायला बसवत. तिथे बसलेल्या बायका वर बघत नसत. कुमुदला त्यांचे हात दिसले, आणि तिने जे केलं ते शाळेत कॉपी करणारं पोर करतं तसं केलं. सगळ्यांची उत्तरं तिने जोडली. गरम, ओलं, कपडा, लग्न, झेंडावंदन.

“गरम सुती कापडावर पाणी शिंपडल्याचा,” ती म्हणाली.

“वा!” मणियार चाचा म्हणाले. “बेटी, काय नाक दिलंय तुला वरच्याने.”

पारसनीस बाईंनी प्रत्येकाकडे एकदा पाहिलं. ‘आहे’, ‘आहे’, ‘आहे’ करत सहा झाले. सातवी कुमुद.

“आहे,” ती म्हणाली.

परत कप्प्यात जाऊन बसली तेव्हा तिचे दोन्ही खांदे भिंतींना लागले. कुणीतरी खुर्ची बदलली असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी ती टपरीवरून गेली. पुंडलिक सदऱ्यावर पाणी शिंपडत होता, वर इस्त्री फिरवत होता, वाफ उठत होती. वाफेला वास नव्हता. एक गिऱ्हाईक आपली पँट हातात धरून उभं होतं आणि म्हणत होतं की इस्त्री केल्यासारखी वाटत नाही. पुंडलिक म्हणत होता, घडी बघा ना साहेब, या घडीने दाढी होईल. गिऱ्हाइकाने घडीवर बोट फिरवलं, मान हलवली आणि तसंच उभं राहिलं.

ते गेल्यावर कुमुद म्हणाली, “अहो, इकडे वळा जरा.”

“का? लग्नात बघितला नव्हतास?”

तो वळला. समोरून होता तेवढाच होता. बाजूने मात्र कमी झाला होता. कान आणि गाल यांच्यामध्ये जी जागा असते, ती राहिली नव्हती.

तिने तिथेच, कोळशाच्या शेगडीपाशी, त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिसरा ग्लास सांगितला, कोपराची खळगी सांगितली, आपण कॉपी केली तेही सांगितलं. घोडा त्याला माहीत होता. घोड्याच्या झुलीला तोच इस्त्री करायचा. त्याने इस्त्री उभी केली.

“आवडला का त्यांना?” त्याने विचारलं.

“काय?”

“मी.”

तिला खरं सांगावं लागलं. मणियार चाचांनी डोळे मिटले होते, जगताप गप्प झाला होता, एक बाई तर रडल्या. पुंडलिक खूश झाला. तो लपवायचा प्रयत्न करत होता, पण आता त्याच्यात लपवायला जागा उरली नव्हती, सगळं वरच दिसत होतं. आपल्याला कुणी हुंगून रडेल असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. मग त्याने तो प्रश्न विचारला.

“तुला कसा येतो गं माझा वास?”

“मला नाही येत.”

“एवढ्या बाटल्या ओळखतेस. गोव्याची कुठली, इथली कुठली सांगतेस.”

“तुमचा नाही येत. कधीच आला नाही. तुम्ही माझ्या शून्यात आहात.”

पुंडलिक हसला आणि म्हणाला की म्हणजे आपली किंमत शेवटी शून्यच धरलेली आहे म्हणायची. मग त्याने पुढची पँट ओढली. पण इस्त्री उचलताना त्याला दोन्ही हात लावावे लागले.

दुसऱ्या दिवशी कुमुदने ठरवलं की तोंडच उघडायचं नाही. ‘आहे’ सात लागतात. सहांवर वाईन अडते, आणि अडलेली वाईन बाटलीत जात नाही. सकाळी टेबलाशी सगळ्यांनी तिसऱ्या ग्लासातली पुढची गोष्ट शोधली. सुपारी. खिशात राहून गेलेली जुनी सुपारी, थोडी कापराच्या बाजूला झुकलेली. सहा जणांनी ‘आहे’ म्हटलं. कुमुद गप्प बसली.

“बोराडे, तुम्हाला येत नाही का?” पारसनीस बाईंनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“काल तर आला होता.”

त्या तिला यंत्राच्या खोलीत घेऊन गेल्या. हे यंत्र वाईनचे धागे वेगळे करतं आणि एकेक वास एकेका क्षणाला एका काचेच्या नळीतून बाहेर सोडतं. नळीच्या तोंडाला माणसाने नाक लावून बसायचं. बाजूला यंत्राची पेन्सिल कागदावर रेघ ओढत असते. वास आला की रेघ डोंगर होते. कुमुदने या नळीतून आजवर गुलाब ओळखला होता, ढोबळी मिरची ओळखली होती, लोणी, रॉकेल आणि मांजराचं मूतही ओळखलं होतं. आता तिने नाक लावलं आणि तिचा नवरा तुकड्यातुकड्याने तिच्या नाकाखालून जायला लागला. तिला काहीच आलं नाही. पेन्सिल मात्र थांबेना. एक डोंगर झाला, त्याला लागून दुसरा झाला, मग एक लांब पठार. कुमुदने त्या रेघेकडे पाहिलं. उताणा झोपलेला माणूस बाजूने दिसतो, तशी ती रेघ होती. कपाळ, नाक, हनुवटी, पोट. पोट तिने लगेच ओळखलं.

“डोंगर दिसतोय. म्हणजे वास आहे आणि नाक नाही,” पारसनीस बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा आवाज पाण्याचं तापमान सांगितल्यासारखा होता. “सुपारीला नाव सापडलेलं आहे. तेव्हा सातवं यंत्राचं धरू.”

यंत्राने पेन्सिल टेकवली. सुपारी वाईनची झाली.

तेव्हा कुमुदने शेवटचा डाव टाकला. हा डाव टाकणं म्हणजे तिच्या धंद्यात खोटी साक्ष देण्यासारखं होतं. ती टेबलाशी परत आली, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की ही टाकी सदोष आहे. बुरशी आहे. ओलं वर्तमानपत्र, बंद तळघर, बुचाचा रोग. त्यामुळेच तिचं नाक मेलंय. तो रोग आधी नाकच मारतो, हे बाईंनीच शिकवलं होतं.

जगतापने चहाचा कप खाली ठेवला. कुमुदताईंनी बुरशी म्हटलं म्हणजे बुरशी, त्यांच्या शब्दावर आजवर टाक्याच्या टाक्या ओतल्या गेल्या होत्या. पारसनीस बाईंनी मान डोलावली, उठून खिडकीपाशी गेल्या आणि खाली टाक्यांच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला हात केला. त्या माणसाने एका मोठ्या चाकाला हात घातला.

“सदोष वाईन आपण नाल्यात सोडतो,” त्या कुमुदला म्हणाल्या. “सोडू का?”

नाला धरणात जात होता. कुमुदला पाण्यावर पसरत गेलेली सुपारी दिसली, त्यावर बसलेले बगळे दिसले, पाण्यावर उठलेली वाफ दिसली.

“नको,” ती म्हणाली.

“म्हणजे बुरशी नाही?”

“नाही.”

“मग नीट सांगत जा.” बाईंनी खिडकी लावली. मग सर्वांना उद्देशून म्हणाल्या की या वाईनमध्ये आता एकच वास उरलाय. यंत्राने त्याचा डोंगर काढलाय, पण यंत्राला नाव ठेवता येत नाही. नाव माणसाने द्यायचं.

त्या नावावर सगळी दुपार गेली. मणियार चाचा म्हणाले, मानेमागचा आहे, झोपेतून उठलेल्या माणसाच्या. पण नुसता तेवढाच नाही. जगताप म्हणाला, उशी. पण उशीवर कुणीतरी असताना. एकीने ‘ऊब’ म्हटलं, तिला बाईंनी झिडकारलं. ऊब हा वास नव्हे, तापमान आहे. शब्द सापडेना. संध्याकाळी उठताना मणियार चाचांनी कुमुदच्या डोक्यावरून हात फिरवला. ती कप्प्यातली पर्स उचलायला परत गेली तेव्हा तिला आडवं होऊन आत शिरावं लागलं.

टपरी उघडी होती आणि पुंडलिक इस्त्रीच्या टेबलावर पडला होता. पडला होता म्हणजे पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने स्वतःच्या पायांवर इस्त्री ठेवली होती, गार असलेली.

“आलीस? जरा उचल,” तो म्हणाला. “नीट हं, चुण्या पडतील.”

तिने इस्त्री बाजूला केली आणि त्याला हातावर घेतलं, साडी घेतात तसं. सुपारी गेल्यावर त्याला काही वजनच राहिलं नव्हतं. तो रस्ताभर बोलत होता. समोरच्या दुकानदाराने त्याला चादर समजून दर विचारला, हे सांगून हसला. हसला की तिच्या हातावर फडफडायचा. घरी आल्यावर तिने त्याला खाटेवर अंथरलं. तो म्हणाला, नेहमीसारखा हात दे. तिने डावा हात पुढे केला, त्याने त्यावर डोकं ठेवलं, आणि ते इतकं हलकं होतं की तिने दोनदा मान वळवून पाहिलं.

“शेवटचं काय राहिलंय माझं?” त्याने विचारलं.

“त्याला नाव सापडत नाहीये.”

“देऊ नकोस मग.”

“नाही देणार.”

“पण तुला सापडलं, तर मला सांग. मला तेवढं ऐकायचंय.”

सकाळी उठून तिने सवयीने खळगीत नाक घातलं. तिथे हात होता. नुसता हात, कातडी, थोडा साबण, बाकी काही नाही. इतकी वर्षं तिथे जे होतं आणि जे तिला कधी आलं नव्हतं, ते गेल्याचं तिला पहिल्यांदा आलं. शून्य जागचा सरकला होता. खाटेवर पुंडलिक घडी घातल्यासारखा पडला होता आणि उजेड त्याच्यातून आरपार जात होता. त्याचे ओठ हलत होते. ती वाकली.

“चहा राहू दे,” तो म्हणाला. “डाग पडेल.”

ती कामावर गेली नसती तर काय झालं असतं, असं तुम्ही विचाराल. वाईनरीच्या फाटकाशी जाणारा रस्ता त्या दिवशी तिच्या दारातच सुरू होत होता. ती पाणी भरायला म्हणून बाहेर आली आणि चार पावलांत वरच्या मजल्यावर पोचली. पारसनीस बाई तिची वाट पाहत उभ्या होत्या.

तिच्या कप्प्यात आता खुर्ची मावत नव्हती. ती उभी राहिली. पाठ एका भिंतीला, छाती दुसरीला. खिडकीतून तीन काळे ग्लास आले. पारसनीस बाईंचा आवाज पलीकडून आला.

“दोन सारखे आहेत, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. नाक गेलं असेल तर ओळखता येणार नाही आणि तुम्ही खाली जाल, तिथे आराम आहे. नाक असेल तर ओळखता येईल. मग नावही येईल.”

कुमुदने ठरवलं की चुकीचा ग्लास दाखवायचा. खाली जायचं, जन्मभर ग्लास धुवायचे, वर बघायचं नाही. पुंडलिक खाटेवर राहील, पातळ का होईना. त्याला उन्हात वाळत घालता येईल, पावसात आत घेता येईल. तिने पहिली चकती सरकवली. आंबट पाणी. दुसरी सरकवली. आंबट पाणी. चुकीचा दाखवायला बरोबर कोणता ते कळायला हवं, म्हणून तिने तिसरी सरकवली.

आणि तो आला.

सबंध आयुष्यात पहिल्यांदा तिला नवऱ्याचा वास आला. कपडा नव्हता, सुपारी नव्हती, ती आधीच वाईनची झाली होती. जे राहिलं होतं ते तोच होता. तिचे हात फळीवर आपोआप पुढे गेले. दाखवू नको, असं ती हातांना सांगत होती, आणि हातांनी ग्लास उचलला. हुंगून भागलं नाही. लाळ लागल्याशिवाय गाठ सुटत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तिने घोट घेतला.

तो तिच्या तोंडात सुटा व्हायला लागला. आधी गालांच्या आत, मग टाळूला, मग नाकाच्या मागच्या बाजूने वर. सकाळचा, अर्धा झोपेतला, तिच्या हातावर मान टाकलेला. जो इतकी वर्षं रोज होता आणि रोज वजा होत होता, तो सगळा, साचलेला, एकदम. आणि त्याबरोबर त्याचं नावही आलं. सहा जण दुपारभर शोधत होते ते, एका शब्दाचं, साधं. ते जिभेवर आलं; पण जिभेवर तो होता. तोंड उघडलं असतं तर दोघंही बाहेर पडले असते.

“तिसरा उचललात,” पारसनीस बाई म्हणाल्या. “बरोबर आहे. बोला.”

कुमुदने ओठ घट्ट मिटले.

“थुंका आणि बोला.”

थुंकायचा डबा खिडकीतून आत आला. त्याच्या तळाशी सकाळपासूनच्या वाइनी होत्या. कुमुदने मान हलवली. गिळलं असतं तर तो आत गेला असता, आणि पोटाला नाक नसतं. तिने गिळलं नाही. तोंडात लाळ भरत होती, आणि जितकी भरत होती तितका तो सुटत होता, आणि जितका सुटत होता तितका उडायच्या बेतात होता.

कप्प्याची पुढची भिंत बाजूला सरकली. समोर सहा जण उभे होते. मणियार चाचा सगळ्यात आधी जवळ आले. त्यांनी कुमुदच्या मिटल्या ओठांपाशी नाक आणलं आणि डोळे मिटले. मग जगताप आला. मग बाकीचे आले, गर्दी न करता, एकेक जण, आणि दर वेळी मागे वळून प्रत्येकाने आपापल्या कोपरात नाक खुपसलं.

“इथे जास्त चांगला येतोय,” जगताप हळूच म्हणाला. “ग्लासापेक्षा.”

“चाचा, नाव?” पारसनीस बाईंनी विचारलं.

“येईल,” मणियार चाचा म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. “आता येईलच. बेटी, हलू नकोस.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चहाची वेळ झाली होती, आणि थकलेल्या नाकाने नाव ठेवू नये हा त्यांचाच नियम होता. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मग फळीवरची एक काचेची चकती उचलली, पदराने पुसली, आणि वास उडू नये म्हणून कुमुदच्या नाकातोंडावर हलक्या हाताने ठेवून दिली.

चकती तिथे बरोबर बसली. आतल्या बाजूने हळूहळू वाफ धरली, आणि वाफेत एक सरळ, धारदार घडी उमटली.